भीतीचं पाणी

सुरैयाचं काळीज मधूनच एक ठोका चुकवायचं. अजलूनच्या डोंगरात जैतुनाची फळं तोडता तोडता ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "अडखळलं बघा पुन्हा." मग एक जोरदार ठोका पडायचा आणि ती पुढच्या फांदीला हात घालायची.

"माझ्याकडे बघितलंस, म्हणून," नवरा, अव्वाद, चिडवायचा.

"हो तर! तुमची कवळी बघून घाबरलं असेल."

डॉक्टरांनी ईसीजी काढला होता, दिवसरात्र अंगावर यंत्र लावून पाहिलं होतं. "भिण्यासारखं काही नाही," ते म्हणाले होते. "कॉफी कमी करा, नीट झोपा. पण बाई, चक्कर येऊन पडलात, अंधारी आली, दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी या."

त्या अडखळण्यासकट सुरैयानं वर्षानुवर्षं संसार केला. घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

त्या वर्षी तोडणीच्या वेळी अव्वादची बहीण फदवा शिडीवरून घसरली आणि किंचाळली. सुरैया खालच्या बांधावरून धावत वर आली आणि पोचायच्या आतच कोसळली. फदवाला खरचटलंही नव्हतं. सुरैया मात्र पांढरीफटक पडली होती. तोंडावर पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले.

"माझ्यामुळं घाबरली गं बाई!" फदवा रडायला लागली. "भीतीचा वाडगा काढा."

तो पितळी वाडगा अव्वादच्या आईचा. आत कुराणातल्या ओळी कोरलेल्या. भ्यालेल्या माणसासाठी त्यात पाणी भरून रात्रभर गच्चीवर उघड्यावर ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी पाजायचं. त्या घरात सगळे ते पाणी पिऊनच मोठे झाले होते.

"बाबा, पडली तर त्याच दिवशी या, असं म्हणाले होते ना डॉक्टर?" लेक अरीज म्हणाली.

"ते उगाच पडण्याचं गं. ही भिऊन पडली. कारण समोर आहे."

"आणि उद्या घाण्यावर आपला नंबर आहे," सुरैया म्हणाली. "तो गेला तर फळं बुरसतील. ते उरकलं की जाऊ."

समोर कारण होतं, तेच नडलं. पाण्याला एक रात्र हवी होती आणि सगळ्यांनी ती रात्र देऊन टाकली.

सकाळी सुरैयानं पाणी पिऊन वाडगा खाली ठेवला. तोंडावर रंग आला होता. अव्वादला हायसं वाटलं. घाण्यावर नवं तेल पडायला लागलं तशी तिनं रोटी मोडली, तेलात बुडवली आणि आधी त्याच्यापुढं धरली. "कडू आहे का बघा," म्हणाली. त्यानं तुकडा तोंडात घातला, तेवढ्यात ती खाली बसली आणि आडवी झाली. दवाखाना येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दुखवट्याला आलेले लोक म्हणत, भीतीनं नेली. अव्वाद मान डोलवायचा. नाही म्हणायचं, तर मग काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषांची बैठक भरली असताना अरीजनं त्याला दाराशी बोलावलं.

"बाबा, माझंही काळीज अडखळतं. आईसारखंच. लहानपणापासून."

"पडलीस कधी?"

"नाही. पण आज जिना चढताना अंधारी आली. रडण्यानं असेल. पोटातही काही नाही ना."

कारण पुन्हा समोर होतं, आणि चांगलं पटण्यासारखं होतं. अव्वादनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि चपला शोधायला लागला.

"आत्ता?" फदवा मधे आली. "अरे, गावचे शेख आलेत. यजमानानंच दुखवट्यातून उठायचं? लोक काय म्हणतील?"

"त्यांना कॉफी दे."

"निदान त्यांना निघू दे तरी."

"फदवा, बाजूला हो गं."

आतले लोक माना वळवून बघायला लागले. कुणाकडं न बघता तो अंगणातून गेला. शेजाऱ्यानं गाडी काढली. बापलेक मागं बसले.

"काही नसेलही, बाबा," उतारावर अरीज म्हणाली.

"नसू दे. विचारून येऊ."

तिनं डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं. सुरैया गेल्यापासून अव्वादला रडू आलं नव्हतं. ते त्या गाडीत आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं.