लाल बटणाचा टूं

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे. रेडिओ केंद्राच्या ध्वनिकक्षात, मेजाच्या उजव्या कोपऱ्यावर माझी जागा. बोलणाऱ्याच्या तोंडून वावगा शब्द निसटला की यंत्र सांभाळणाऱ्या ताई मला दाबतात आणि तुम्हाला ऐकू येते फक्त ‘टूं’. ताईंच्या बोटाने माझा रंग झिजला आहे. तो झिजलेपणा मी दागिन्यासारखा मिरवते.

एकदा नवे साहेब आले. इंग्रजीतला एकही अपशब्द बाहेर जाता कामा नये, असे त्यांनी बजावले. त्याच आठवड्यात एका निवृत्त नर्सबाईंची मुलाखत झाली. नोकरीच्या काळात एकदा रुग्णाचा श्वास अडलेला आणि ऑक्सिजनच्या टाकीची चावी फिरेना. "मी म्हटलं ‘डॅम’ आणि दिला एक दणका," बाई हसत म्हणाल्या. रुग्ण वाचला. हुकमाप्रमाणे ‘डॅम’वर मात्र माझा टूं बसला.

झाले भलतेच. झाकल्या शब्दाच्या जागी ज्याने त्याने आपल्या मनातला सर्वांत घाण शब्द घातला. बाईंच्या जाऊबाईंनी त्यांच्याशी बोलणे टाकले. बाई नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जात, तिथून ‘तूर्त येऊ नका’ असा निरोप आला. बाई आमच्याकडे येऊन ताईंना हे सारे सांगून गेल्या.

आमच्या ताई देवभोळ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्या साहेबांकडे गेल्या. मुळात ‘डॅम’ हा नरकाचा शाप असेलही, म्हणाल्या, पण आता त्यात उरलाय तो नुसता वैताग. मग देवापुढे बसून म्हणाल का, साहेबांनी विचारले.

"मुद्दाम नाही म्हणणार, साहेब. पण वात पेटेना की ‘मेली’ म्हणतेच मी. देव अजून रागावला नाही."

साहेबांना हसू फुटले. मुलाखत पुन्हा लागली; या वेळी बाई कक्षात बसल्या होत्या आणि नंतर श्रोत्यांचे फोन थेट घ्यायचे होते. ‘डॅम’ आला नि गेला. मी गप्प. पहिला फोन जाऊबाईंचाच. "अगं, एवढंच होतं होय?"

दुसरा फोन एका गृहस्थांचा. अस्खलित मराठी, इंग्रजीचा लवलेश नाही. पण बाईंच्या चारित्र्याबद्दल असा शब्द उच्चारला की ताईंचे बोट विजेसारखे माझ्यावर आले. फोनवरचे बोलणे तुमच्यापर्यंत जरा उशिरा पोचते, तेवढा वेळ मला पुरतो. त्या दिवशीइतके खणखणीत मी कधीच वाजले नव्हते.

बाई आता पुन्हा शिकवायला जातात. चावी अडली तर काय म्हणायचं, असे मुली विचारतात म्हणे. आधी दणका, मग शब्द, असे बाईंचे उत्तर.

मित्रांनो, माझी स्प्रिंग सैल झाली आहे. कधी माझ्या मेजाशी बसलात तर मला पुसत जा, तेलाचा थेंब घालत जा. आणि दाबण्यापूर्वी एवढेच बघा, शब्द कुणाला लागणार आहे. मग बिनधास्त दाबा. वाजायला मी आहे.