हंड्यावरचं दुसरं नाव

"हंडा? छे गं, तो कधीच मोडीत गेला," कमळाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांनी पाठ केली. हंडा आत ओट्याशेजारी होता, सकाळच्याच पाण्याने भरलेला.

समोर बसलेली दिशा नुकतीच इगतपुरीहून सुवर्णाला भेटून आली होती. बाईवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, अशा माणसांच्या वापरातल्या वस्तू ती गोळा करत होती. नाशकात प्रदर्शन मांडायचं होतं. तिच्या पिशवीत मोर्चातला पुठ्ठ्याचा फलक होता, पावसात शाई ओघळलेला. कुणाचा तरी दाढीचा ब्रश होता आणि सुवर्णाने दिलेला जेवणाचा डबाही होता.

"पण सुवर्णामावशी म्हणाल्या, दोघींची नावं घातलेला हंडा तुमच्याकडेच असणार."

सरिता कमळाबाईंची धाकटी बहीण. सातपूरच्या कारखान्यात सुवर्णाबरोबर पाळ्या करायची, आणि चोवीस वर्षं तिच्याबरोबरच एका खोलीत राहिली. खोली घेतली तेव्हा दोघींनी भांडी बाजारातून तांब्याचा हंडा आणला आणि त्यावर घालून घेतलं, 'सरिता – सुवर्णा, १९८९'.

"अगं, अशी जोडनावं नवराबायकोची घालतात!" कमळाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"मग? आम्हाला आहेर कोण आणणार होतं, ताई? तू?" सरिता खळखळून हसली होती.

कमळाबाईंना तेव्हाच सगळं कळलं होतं. कळलंच नाही असं दाखवण्यात त्यांनी चोवीस वर्षं काढली.

सरिता गेली. तेराव्याला कमळाबाईंनी खोलीतली भांडी रिक्षात भरली. "बहिणीचं बहिणीकडे," म्हणाल्या. सुवर्णा दारातच उभी राहिली. अडवणार कुठल्या नात्याने?

वर्षभरात राजचं, त्यांच्या मुलाचं, लग्न ठरलं. घरात पाहुणे येणार, विहीणबाई विचारणार, ही सुवर्णा कोण? कमळाबाई हंडा घेऊन पॉलिशवाल्याकडे गेल्या.

"दोन्ही नावं काढू, मावशी?"

"दुसरं तेवढं काढ."

यंत्र अर्धं मिनिटही फिरलं नाही.

"ठीक आहे आजी," दिशाने वही उघडली. "मोडीत गेला असंच लिहून घेते. गेलेल्या वस्तूंचीही आम्ही चिठ्ठी लावतो. कोणी घातला मोडीत?"

कमळाबाई उठल्या. हंडा मोरीत रिकामा केला आणि ओलाच आणून तिच्यासमोर ठेवला. सरिताच्या नावापुढे तांबं गुळगुळीत, फिकट झालं होतं.

"उद्या ये. तोवर मी नाव पुन्हा घालून आणते. कुणाला काही कळायचं नाही."

दिशाने बोटाने ती जागा चाचपली. मग सुवर्णाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन कमळाबाईंसमोर धरला.

"घासलं?" सुवर्णाने विचारलं. "मला वाटायचं ताई, पाणी भरताना तुम्ही रोज वाचत असाल."

"चुकलं माझं. मी नवं घालून देते ना गं..."

"नवं कशाला? ते सरितानं समोर बसून घालून घेतलं होतं. आता हंडा आहे तसाच द्या. आणि नाव कोणी काढलं, तेही लिहू दे."

"लोक काय म्हणतील मला?"

"आम्हाला म्हणायचे तेवढं नाही म्हणणार."

दिशाने चिठ्ठी लिहून पुढे केली. कमळाबाईंनी चष्मा लावला. 'दुसरे नाव एका नातेवाइकाने काढून टाकले.'

"नातेवाइकाने नको," त्या म्हणाल्या. "कमळाबाई सावळीराम जाधव. सरिताची सख्खी बहीण. आणि राजच्या लग्नासाठी काढलं, तेही लिही."

दिशा लिहू लागली. फोन चालूच होता. पलीकडून सुवर्णा काही बोलली नाही, पण तिने फोन ठेवलाही नाही.