लांबलेलं गाणं

डीजेदादाचे अल्बम सरस की त्याचं क्लबमधलं वाजवणं, यावरून त्याच्या घरातच दोन पक्ष पडले होते. बायको अल्बमच्या बाजूची. तिला सगळे वहिनी म्हणत. ती कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची आणि मशीनवर बसली की नवऱ्याचेच अल्बम लावायची. एका गाण्यातून दुसरं कधी सुरू झालं याचा पत्ता लागू नये, असा त्याचा हात. गाणं जरा रेंगाळलं की त्याने पुढचं आत घुसवलंच म्हणून समजा. दादाची धाकटी बहीण मात्र कट्टर क्लबवाली. "वहिनी, खरा दादा ऐकायचा तर गर्दीसमोर," असं म्हणत तिने क्लबमधली रेकॉर्डिंग वहिनीच्या गळ्यात मारली.

ती ऐकली आणि वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दर वेळी मध्येच तेच एक लांबलचक, संथ गाणं, आणि त्याला कुणी बोटही लावलेलं नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ते एकदाच यायचं, अलीकडच्यांत पुन्हा पुन्हा. अल्बममध्ये एकदाही नाही. ज्या माणसाला दूध तापेपर्यंत दम निघत नाही, तो एवढं गाणं स्वस्थ ऐकतो? तेवढा वेळ याचे हात असतात कुठे?

"गर्दीला आवडत असेल," नणंद म्हणाली.

"गर्दीला की गर्दीतल्या एकीला?"

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की सगळंच जुळायला लागतं. दादा रात्री फोन हातात घेऊन सारखा उठायचा. बोलायलाच जात असणार. शिवाय तो बारीक झाला होता. त्याच्या पॅंट्स तिनेच कमरेत आत घेतल्या होत्या, एकदा नव्हे, दोनदा. या वयात हा कुणासाठी सडपातळ होतोय? आणि आपण बावळटासारखं त्याला टाके घालून देतोय! त्या दिवशी तिने मशीनवर बसून रडून घेतलं.

रविवारी दुपारी क्लबात कार्यक्रम होता. वहिनी न सांगता गेली आणि खांबाआड उभी राहिली. दादा लोकांचे चेहरे बघून गाणी फिरवत होता, त्यांना हुलकावण्या देत होता. हा खट्याळपणा अल्बमात नव्हता, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. इतक्यात ते गाणं लागलं. दादाने हेडफोन काढला आणि बाजूच्या दाराने सटकला. वहिनी त्याच्या मागोमाग.

मागच्या बोळात तो एका दाराआड गेला. दारावर पुरुषाचं चित्र होतं. वहिनी गोंधळली. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि तिथल्याच खिडकीत ठेवलेली पाण्याची मोठी बाटली त्याने घटाघट रिकामी केली. मग त्याला ती दिसली.

"तू? इथे?"

"कुठाय ती?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी ते गाणं लावतोस ती!"

दादा ओशाळला. "अगं, लघवीला जातो मी. तेवढं एकच गाणं पुरतं."

वहिनीला हसू फुटलं. हसता हसताच तिची नजर रिकाम्या बाटलीवर गेली, तिथून त्याच्या कमरेवर. तिनेच आत घेतलेली पॅंट पुन्हा ढगळ झाली होती. तिचं हसू जागीच विरलं. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. साखरेने शेवटी त्यांचा पाय घेतला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तपासलंच नाही तर नसेलच, असं वाटायचं. बाबांचा पाय आठवतो गं."

तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कंबर मोजली, टाके घातले, पण तब्येतीला काय झालंय म्हणून विचारलं नाही. तिने त्याचं मनगट धरलं.

"सोड, गाणं संपतंय. हॉल गप्प पडला तर अब्रू जाईल माझी."

"जाऊ दे. उद्या सकाळी रक्त तपासायला येणार की नाही?"

त्याने मनगट सोडवून बघितलं. आत गाणं संपलं. क्षणभर सगळं शांत झालं, मग शिट्ट्या, ओरडा, पाय आपटणं. त्याचं टेबल असं मुकं कधीच पडलं नव्हतं. दादाच्या कपाळावर घाम आला. वहिनीची पकड ढिली झाली नाही.

"येतो," तो अखेर म्हणाला.

"उपाशीपोटी," ती म्हणाली, आणि मग तिने हात सोडला.