वेगळं बिऱ्हाड

सुनेने कोडमध्ये केलेला बदल सासूबाईंनी तिसऱ्यांदा नामंजूर केला, लॅपटॉप बाजूला सरकवला आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. टेबलाच्या पलीकडे सुनेच्या स्क्रीनवर लाल खूण उमटली. तिने मान वर केली.

"आई, कारण तरी लिहा."

"लिहिलंय की."

"'काढायचं नाही' हे काय कारण झालं?"

"ज्याला समजायचं त्याला समजतं." सासूबाईंनी एक शेंग कचकन मोडली.

हे जेवणाचं टेबल म्हणजेच दोघींचं ऑफिस. सासूबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या, तेव्हा त्यांनी रिपोर्ट आणि रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं छापायचा कोड लिहिला आणि कुणीही फुकट वापरावा म्हणून खुला ठेवला. वाढता वाढता त्याची चांगली थोरली लायब्ररी झाली, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रामला जोडता येईल असा तयार कोडचा साठा. लहानमोठी हॉस्पिटलं ती वापरू लागली. सून प्रोग्रामर मिळाली तेव्हा तर सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. लायब्ररीच्या किल्ल्या दोघींकडे आल्या आणि नियम ठरला, की एकीने केलेला बदल दुसरीने मंजूर केल्याशिवाय आत जायचा नाही. नियम सासूबाईंचाच. तो आपल्याच हट्टाच्या इतका कामी येईल, असं मात्र त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

भांडण साफसफाईवरून होतं. लायब्ररी कितीतरी वर्षं इतरांनी लिहिलेल्या कोडवर टेकून उभी होती, आणि त्यातला बराचसा कोड त्याच्या मालकांनी कधीच वाऱ्यावर सोडला होता. या जुन्या डिपेंडन्सी सून एकेक करून काढत होती. सासूबाई खुशाल मंजुरी देत होत्या, वर 'गेली एकदाची ब्याद' असा शेराही मारत होत्या. गाडं अडलं ते शेवटच्या डिपेंडन्सीवर. खडखड करत छापणाऱ्या जुन्या प्रिंटरांशी बोलायचं काम तिचं.

"तिच्यात भोक सापडलंय, आई. बाहेरचा माणूस त्यातून शिरून कुणाचेही रिपोर्ट वाचू शकतो. लिहिणाऱ्याने हात वर केलेत. मी बुजवायला गेले, तर लेबलं कोरी येतात."

"मग राहू दे तशीच."

"तशीच ठेवली तर मोठी हॉस्पिटलं आपली लायब्ररीच काढून टाकतील. आणि त्यांचं बरोबर असेल."

"काढली तर जुने प्रिंटरवाले कुठे जातील?"

"उरलेत किती ते? बोटांवर मोजण्याइतके."

"म्हणून त्यांच्या नावानं आंघोळ करायची?"

सासूबाईंचा मुलगा पाणी प्यायला आत आला, त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि आल्या पावली परत गेला. कोडमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

सासूबाईंनी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. दूरच्या एका छोट्या दवाखान्यातल्या नर्सबाई पलीकडे होत्या. काही अडलं की त्या सासूबाईंनाच विचारत.

"नर्सबाई, तुमचा प्रिंटर चालतोय ना?"

"तोच तर चालतो हो! नवा द्या, नवा द्या म्हणून माझ्या तोंडाला फेस आला. तो बंद पडला तर लेबलं हाताने लिहायची, आणि गर्दीत कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही. मागे एकदा झालंय तसं."

सून पुढे वाकली. "तुमच्या कॉम्प्युटरला इंटरनेट आहे?"

"इथे? फोनला रेंज येते तेच नशीब. तुमचा कोड येतो पेनड्राइव्हवर, औषधांच्या गाडीतून."

सासूबाईंनी फोन बंद केला. जिथे इंटरनेटच नाही तिथे चोर यायचा कुठून? आणि मोठ्या हॉस्पिटलात तेच भोक म्हणजे घात. दोघींचंही बरोबर होतं, आणि सासूबाईंना राग आला तो याचाच. समोरचं माणूस चुकलेलं असतं तर भांडायला तरी मजा आली असती.

"मनात आणलं तर मी नियम बंद करून बदल आत घालू शकते," सून म्हणाली. "किल्ली माझ्याकडेही आहे."

"घाल की. मी काय हात धरलाय?"

"नाही घालणार. मंजुरी तुम्हीच द्यायची."

पोरगी आपल्याइतकीच हट्टी आहे, हे सासूबाईंना फार आवडलं. जीव गेला तरी त्या तसं म्हणाल्या नसत्या. त्यांनी पदराला हात पुसले, लॅपटॉप ओढला आणि मंजुरी दिली. हिरवी खूण उमटली.

"थँक्यू, आई."

"थँक्यू कसलं? माझं अजून संपलं नाही."

त्या भराभर टाइप करत राहिल्या. सून उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. जुनी लायब्ररी होती तशी, त्या शेवटच्या डिपेंडन्सीसकट, दुसऱ्या जागी उतरत होती. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'इंटरनेट असलेल्या मशीनवर वापरू नये.'

"हे काय?"

"वेगळं बिऱ्हाड. सुना थाटतात, मी थाटलं. तुझ्याकडे ज्यांना जागा नाही, ते इथे राहतील. शेवटचा प्रिंटर मोडेपर्यंत."

"एकट्या सांभाळणार?"

"बघच."

सुनेने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. "दुसऱ्या किल्लीला माझं नाव घाला."

"नाही."

"आई, रागावू नका ना."

"रागावले नाही गं. तुझा जीव त्या लायब्ररीत आहे, आणि तो तिथेच हवा. मी गेले की तू हे साफ करशील. योग्यच करशील. इथे असं कुणीतरी हवं, ज्याचं याच्यावाचून अडतं."

सुनेला ते लागलं. सासूबाईंना दिसलं. पण बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि हा शब्द खराही होता.

"मग कोण?" सुनेने हळूच विचारलं.

सासूबाईंनी पुन्हा तोच नंबर लावला.

"नर्सबाई, तुम्हाला कोड शिकायचाय."

"मला? अहो, मी दोन बोटांनी टाइप करते! हे काय काढलंत मधेच?"

"मी शिकवीन. आमच्यात दोघींनी हो म्हटल्याशिवाय काही बदलत नाही. दुसऱ्या तुम्ही. हो-नाही फोनवरूनही सांगता येतं. उद्या कुणी आलं, अगदी मी आले, आणि म्हणाले की हा प्रिंटर आता जुना झाला, सोडा त्याला, तर नाही म्हणायचं. तेवढं जमेल?"

"ते जमतं," नर्सबाई म्हणाल्या. "इथे दिवसभर तेच करते."

पलीकडे खडखड सुरू झाली. सासूबाई आणि सून दोघी फोनकडे बघत बसल्या.

"जरा थांबा हं," नर्सबाई आवाज चढवून म्हणाल्या, "एवढं लेबल निघू दे. मग सांगा, सुरुवात कुठून करायची ते."