दुसरी साक्ष

लेखिकेने पान उलटलं, तसा मटार सोलणारा आईचा हात थांबला.

"वाच पुढे," आई म्हणाली. "ऐकतेय मी."

टेबलावर फोन थरथरला. संपादकच असणार. उद्या पुस्तक छापायला जायचं होतं आणि हे एकच प्रकरण अडलं होतं. लेखिकेने फोन पालथा घातला.

ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्यासमोर बसून ते वाचून दाखवल्याशिवाय ती काही छापू देत नसे. मनातल्या मनात वाचताना खोटं वाक्य गुपचूप पुढे सरकतं, मोठ्याने वाचलं की घशात अडकतं, असं तिचं म्हणणं. दुसरा नियम याहून कडक होता. एकाच तोंडची गोष्ट पुस्तकात येणार नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळी ती एकाच्याच सांगण्यावर विसंबली आणि तोंडघशी पडली, तेव्हापासून ताकसुद्धा फुंकून प्यायची. संपादक वैतागून विचारायचे, बाई, तुम्ही पुस्तक लिहिताय की खटला चालवताय? आईला मात्र याचं नवल नव्हतं. लहानपणी घरात या मुलीचं नावच 'कशावरून' पडलं होतं. झोप आता, उशीर झालाय, म्हटलं तरी ती विचारायची, कशावरून?

आजवर तिने लोकांच्या दुर्घटनांवर लिहिलं. कुठे पूल कोसळला, कुठे खाणीत पाणी शिरलं. हे पुस्तक घरचं होतं. खरं तर आधीची सगळी पुस्तकं म्हणजे या एकासाठी बसवलेला हात, आणि हे तिने कोणापासून लपवलंही नव्हतं. कागदाच्या कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा ती शाळेतही जायला लागली नव्हती. वडील बॉयलरवर कामाला होते. त्यांच्यासकट चौघं गेले. वडील आत सापडले नाहीत, बाहेरच्या दाराशी सापडले. तेवढ्यावरून चौकशीत ठरलं की बॉयलरवरचा माणूस जागा सोडून गेला होता. पुढे शाळेत मुलं तिला 'पळपुट्याची पोर' म्हणायची. बाकीच्या तिघांच्या बायका आई दिसली की दार लोटून घ्यायच्या.

तिला वडिलांना त्यांच्या जागेवर परत नेऊन उभं करायचं होतं, बस. सेफ्टी व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने अडकलेला होता, हे सांगणारे बरेच भेटले. वडील जागेवर होते, असं सांगणारे दोघंच. एक फिटरकाका, वडिलांचे सोबती. त्यांनी स्फोटाच्या जरा आधी त्यांना बॉयलरसमोर पाहिलं होतं. दुसरी आई. ती पहिल्यापासून सांगायची की त्या दुपारी ते घरी आलेच नाहीत, डबा नेला होता. दोन तोंडं झाली, नियमात चोख बसलं.

एक गोष्ट तेवढी तिने पुस्तकाबाहेर ठेवली होती. डोळे मिटले की तिला वडील दारात उभे दिसायचे. आई त्यांच्या छातीशी वाकून दातांनी लाल दोरा तोडतेय आणि वडील हसताहेत. कुठल्या दिवशीचं ते, कोण जाणे. एकटीची आठवण, तीही अजाण वयातली. आईलाही तिने कधी विचारलं नाही. आई म्हणाली असती की असं काही झालंच नव्हतं, तर वडिलांचं ते हसणं हातचं गेलं असतं, आणि दुसरं तिच्याकडे नव्हतं.

ती वाचू लागली. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. फिटरने कपड्यांवरून ओळखलं. निळा शर्ट, वरून दुसरं बटण सकाळीच तुटलेलं...

"बटण होतं," आई म्हणाली.

लेखिकेने मान वर केली.

"तूच सांगितलंस ना, सकाळी घाईत तसेच गेले म्हणून?"

"गेले तसेच. पण नंतर होतं बटण. मी लावलेलं बटण असं निघत नाही."

नवऱ्यामागे आईने शिवणकामावर घर ओढलं होतं. हिच्या हातचं बटण कापड फाटेल पण सुटणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि त्या एका गोष्टीचा तिला भारी तोरा होता. आताही आवाजात तोच होता. मग तिची बोटं शेंगेवर नुसतीच फिरली आणि थांबली.

लेखिकेला भीती वाटली. विचारूच नये असं वाटलं. पण जिभेला लागलेली सवय.

"कधी लावलंस?"

आईने मटाराचं भांडं बाजूला सारलं. फोन पुन्हा थरथरला आणि थांबला.

"बदलीचा माणूस आला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "आणि डबा राहिला होता घरी. मागच्या मागे आले चार घास खायला. उभ्या उभ्याच खाल्लं. म्हणाले, येताना दाबाचा काटा चढत होता, निघतो. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, अशा उघड्या छातीने फिरू नका चारचौघांत. थांबले. माझा शब्द कधी मोडायचे नाहीत."

"मग फिटरकाका?"

"सकाळी चहाला त्यांनी बटण तुटलेलं पाहिलं होतं. दवाखान्यात पाहिलं तर लावलेलं. त्यांना कळलंच. तिथल्याच आवारात मला गाठून म्हणाले, वहिनी, कोणी विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, जागेवर होते म्हणून सांगा. बटणाचं बोलू नका. बिचारे आजवर तेच सांगत आले."

म्हणजे तिची दोन तोंडं एकच होती. किती वेळा तिने त्या दोघांना वेगवेगळं गाठून, आडून आडून विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी जुळलं म्हणून खूश झाली होती. तिला आईचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही.

आईने टेबलावरच्या पानांकडे पाहिलं.

"फिटरभावजी काही आता बोल बदलायचे नाहीत. हे मी एकटीच सांगतेय," ती हळूच म्हणाली. "आणि एकाच तोंडची गोष्ट तू घेत नाहीस. राहू दे ना मग आहे तसं."

करायचं फारसं काही नव्हतं. बटणाची ओळ काढायची, संपादकांना फोन लावायचा, घ्या छापायला म्हणायचं. वडील कायमचे बॉयलरसमोर उभे राहिले असते. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. नियमसुद्धा मोडला नसता, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त झोंबली.

"दोरा कुठल्या रंगाचा होता?" तिने विचारलं. आईने निळा म्हणावं, पांढरा म्हणावं, आठवत नाही म्हणावं, असं तिला जिवाच्या आकांताने वाटत होतं.

"आता हे कशाला?"

"सांग ना."

"लाल," आई म्हणाली. "निळा संपला होता. तर हसले मला. म्हणाले, बरं झालं, हरवलो तर सापडेन."

लेखिकेने पान जवळ ओढलं. मग तिने फिटरकाकांचं वाक्य खोडलं. त्याखालचं आईचं वाक्य खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं, तसं तिने पेन घेतलं आणि समासात लिहू लागली. सेफ्टी व्हॉल्व्हची ओळ तशीच ठेवली.

आई ते बघत होती.

"आज नाही विचारलंस," ती म्हणाली. "कशावरून?"

"मी होते ना तिथे, आई," लेखिका म्हणाली. "मी पाहिलंय."