लिटरमागे तेवीस

आमच्या यांना सगळी गल्ली ‘प्रीमियम’ म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, ते मला अजून कळलेलं नाही. चौकापुढच्या पेट्रोल पंपावर चार मशीनं होती. तीन साध्या पेट्रोलची आणि कोपऱ्यातलं, लाल पट्ट्याचं, एक प्रीमियमचं. त्या लाल पट्ट्याजवळ हे सहा वर्षं उभे होते.

सकाळी आल्या आल्या यांचं पहिलं काम म्हणजे लांब काठीच्या टोकाला आकडे अडकवून भावफलकावर लावायचे. वरच्या ओळीत साधं, खालच्या ओळीत प्रीमियम. दुसऱ्या कुणी लावले की आकडे तिरके बसायचे, यांचे कधी बसले नाहीत. पंपाच्या आधी हे वजनकाट्याच्या कारखान्यात तपासनीस होते. वीस वर्षं या माणसाने एक किलो म्हणजे एकच किलो आहे ना, एवढंच बघितलं. पुढे कारखाना बंद पडला.

त्यानंतर हे दोन वर्षं पलंगाच्या कडेवर बसून होते. फुगवून सांगत नाही. कपाटाकडे तोंड, हात मांडीवर. चहा ठेवला की ‘घेतो’ म्हणायचे, आणि तासाभराने मी साय धरलेला कप उचलून मोरीत ओतायचे. चिडले नाहीत, रडले नाहीत. रडले असते तर निदान मला काही करता आलं असतं. मी घरीच कपड्यांची दुरुस्ती करते. चेन बदलणं, उंची कमी करणं, अस्तर लावणं. माझं शिलाई मशीन तेव्हा त्याच खोलीत, खिडकीशी होतं, कारण उजेड तिथे चांगला. त्या दोन वर्षांत मी ते ओढत स्वयंपाकघरात नेलं. ती पाठ समोर ठेवून टाके घालणं मला जमेना.

मग पंपावरची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी घरी येऊन यांनी चहा गरम असताना प्यायला. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की ही नोकरी जाता कामा नये. पगार किती आहे, हे मी नंतर विचारलं.

आता यांना विकता काही येत नव्हतं, ते वेगळं. गाडीच्या टाकीच्या झाकणाआड, आतल्या बाजूला, कुठलं पेट्रोल घालायचं ते छापलेलं असतं. हे ते वाचायचे. गिऱ्हाईक हौसेने लाल पट्ट्याशी गाडी लावायचं, आणि हे वाकून झाकण उघडायचे, वाचायचे आणि सांगायचे, “तुमच्या गाडीला गरज नाही. उगाच कशाला? तिकडे जा.”

“अहो, पण मला घालायचंय!”

“घालतो. पण गरज नाही.”

निम्मी माणसं तिकडे जायची. ज्या गाड्यांना खरोखर लागतं, त्यांना मात्र हे आग्रह करायचे. साधं घातलं तर त्यांचं इंजिन टकटक करतं आणि आतून खराब होत जातं म्हणे. यांना ती टकटक रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, “ऐकलंस? तो साधं घालतोय.” मला फक्त कुणाचा तरी कुत्रा ऐकू यायचा.

फरक लिटरमागे सहा होता तोवर हे सगळं चाललं. मग अकरा झाला. का झाला, ते पेपरात दोनदा छापून आलं, दोन्ही वेळा वेगळं. लाल पट्ट्यासमोरची रांग आटली, आणि एका संध्याकाळी यांनी बूट काढता काढता सांगितलं.

“मालक म्हणाले, महिन्याला तीन हजार लिटर खपलं तर प्रीमियम ठेवू. एक महिना जरी कमी भरलं, तर बंद.”

“आणि तुम्ही?”

“मीही.”

“साध्याच्या मशीनवर घेतील की.”

“तिथे माणसं आहेत,” असं म्हणून यांनी कपाटाकडे पाहिलं. फक्त एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या भावाकडे गेले. भाऊ टॅक्सी चालवतो आणि महिन्याला अडीचशे लिटर जाळतो. त्याला म्हटलं, आजपासून यांच्याकडे प्रीमियम भरायचं. तो हसला. वरचा फरक मी देईन म्हटल्यावर हसायचा थांबला.

“आणि दाजींना काय सांगू?”

“सांग, गाडी छान पळते.”

“ताई, ती गाडी कशानेच छान पळत नाही.”

तरी गेला. यांनी झाकण उघडून वाचलं आणि म्हणाले, “तुझ्या टॅक्सीला गरज नाही.” भावाने मी पढवलेलं वाक्य म्हटलं. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि टाकी भरून दिली. माझी स्कूटरही मी लाल पट्ट्याशी लावायला लागले. स्कूटरच्या झाकणावर काही छापलेलंच नव्हतं, त्यामुळे तिथे यांना बोलता आलं नाही.

महिनाअखेरी खप तीन हजार चाळीस लिटर भरला. मी कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला आतून फुकटात खिसा लावून दिला.

फरक सतराचा झाला. भाऊ पावत्यांची चळत घेऊन दारात उभा राहायचा आणि मी शिवणाच्या डब्यातून पैसे काढून द्यायचे. पावत्यांवरून मान वर न करता म्हणायचा, “दाजी मजेत दिसले.” तेवढ्यासाठीच तर मी देत होते. त्याच सुमारास यांनी सांगितलं की मालकांनी ओव्हरटाइम बंद केलाय, आता पगार कमी येणार. दोन महिन्यांनी आणखी कमी आला. मी मालकाचा मनातल्या मनात असा उद्धार केला की त्याला ठसका लागला असेल. पण खप पडत नव्हता. सगळीकडे प्रीमियम पडून असताना आमच्या चौकात दरमहा तीन हजारांच्या वर जात होतं, आणि हे माझ्या अडीचशे लिटरांचं कर्तृत्व आहे, अशी माझी समजूत होती. हिशेबात मी कच्ची नाही. पण स्वतःचं कौतुक करताना कोण हिशेब करतं?

मग एका सोमवारी मी स्कूटरवरून कपडे पोचवायला निघाले आणि भावफलक पाहिला. नीट सरळ लावलेले आकडे. फरक लिटरमागे तेवीस. शिवणाच्या डब्यात त्या दिवशी फक्त सुया होत्या.

मी सरळ पंपाच्या ऑफिसात गेले. मालक जाडजूड, शांत माणूस, समोर पंखा आणि खपाची वही.

“साहेब, एवढी वर्षं माणूस राबतोय. त्याचा ओव्हरटाइम तोडताना काही वाटलं नाही तुम्हाला?”

मालकाने पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. “कुणाचा ओव्हरटाइम तोडला? उलट दोन महिन्यांपूर्वी वाढवून दिलाय.”

“मग पगार कमी कसा येतो?”

त्याने खिडकीकडे बोट केलं.

बाहेर लाल पट्ट्याशी एक लांबलचक जुनी गाडी उभी होती. कधीकाळी कुणा बड्या माणसाची असावी, आता चौथ्या हातात आलेली. चालवणारा फरश्या बसवणारा होता, मागच्या सीटवर सिमेंटची घमेली. त्याने खिडकीतून साध्याच्या मशीनकडे हात दाखवला. हे वाकले, झाकण उघडलं, आतलं वाचलं आणि मान हलवली. मग लाल पट्ट्याचं नोझल काढून टाकीत घातलं. फरशीवाल्याने पैसे दिले, ते साध्याच्या भावाने. यांनी ते घेतले. गाडी गेली. मग यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, वरचा फरक मोजला आणि पंपाच्या पैशांच्या पाकिटात टाकला. काटा तपासावा तसा मन लावून मोजला.

“रोजचंच आहे,” मालक म्हणाला. “ज्या गाडीला लागतं तिलाच देतो. कुणालाही नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बाई, माझा माल खपतोय. पाकीट पैशापर्यंत जुळतं. मी काय बोलणार?”

मी स्कूटर घेऊन घरी आले. कपडे पोचवायचे राहिले, हे घरी आल्यावर लक्षात आलं. इतका राग आला होता की तीन वेळा सुईत दोरा ओवायला बसले आणि तिन्ही वेळा उठले.

हे आले, बूट काढले. मी म्हटलं, “ओव्हरटाइम.”

यांनी दुसरा बूट हातातच ठेवला. “कळलं?”

“लोकांच्या इंजिनांवर पगार उधळताय तुम्ही! ती टकटक ऐकवत नाही म्हणून?”

“तेही आहे,” हे म्हणाले. मग तो बूट पहिल्याशेजारी सरळ लावून ठेवला. “मशीन बंद झालं असतं तर मी परत पलंगावर बसलो असतो. मला माझी खात्री नाही. मागच्या वेळी तू तुझं मशीन स्वयंपाकघरात नेलंस.”

“उजेडासाठी नेलं.”

“स्वयंपाकघरात उजेड नाही.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि हा माणूस दोन वर्षं कपाटाकडे तोंड करून बसलेला असताना मी मशीन ओढत नेलेलं त्याने ऐकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मग मीही भावाचं सांगून टाकलं.

“माहितीये,” हे म्हणाले. “तुझा भाऊ आपल्या खुशीने लिटरमागे तेवीस जास्त देईल? मी त्याला लग्नापासून ओळखतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या मनापासून करत होतीस.”

कापड आखायच्या खडूने आम्ही कागदी साच्याच्या पाठीमागे बेरीज केली. माझे इतके, यांचे इतके. दोघांचे मिळून यांच्या पगारापेक्षा एकशे चाळीस जास्त निघाले. म्हणजे माणसाला रोज सकाळी कामावर पाठवायला आम्ही वर पैसे मोजत होतो. हे बेरीज पुन्हा तपासायला लागले. दुसऱ्यांदाही एकशे चाळीसच आले.

दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच मालकाला जाऊन सांगितलं, आता प्रीमियम बंद करा. महिनाअखेरी लाल पट्ट्यावर गोणपाट बांधलं गेलं. शेवटच्या दिवशी यांनी फलकावरची खालची ओळ उतरवली, आकडे फडक्याने पुसले आणि क्रमाने लावून पेटीत ठेवले. हे मी पाहिलं, कारण मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. का उभी होते, ते मलाही सांगता येणार नाही.

पुढच्या सोमवारी मी डोळे उघडले तर हे पलंगाच्या कडेवर. कपाटाकडे तोंड, हात मांडीवर.

मी चहा ठेवला नाही. स्वयंपाकघरात गेले, शिलाई मशीन धरलं आणि ओढत ओढत परत त्या खोलीत आणलं. फरशीवर दोन पांढरे ओरखडे उठले, ते अजून आहेत. खिडकीशी न ठेवता पलंगाला लावून ठेवलं, यांच्या गुडघ्याला टेकेल असं. मग त्या मांडीवरच्या हातात एक जाकीट आणि टाके काढायची उसवणी दिली.

“चेन काढा. अस्तर फाटता कामा नये.”

मी पायंडल मारायला लागले. खूप वेळाने माझ्या मशीनचा आवाज थांबला तेव्हा बाजूने बारीक टचटच ऐकू आली. एकेक टाका उसवत होता.

दहा वाजता एक बाई आली. तिच्या कोटाची चेन गेली होती. माझ्याकडे दोन असतात, साधी आणि पितळी, आणि पितळीत मला चार पैसे सुटतात. “पितळीच लावा, छान दिसेल,” ती म्हणाली. मी हो म्हणणार, तेवढ्यात पलंगावरून हात पुढे आला. यांनी कोट घेतला, उलटा केला, आतलं लेबल उजेडाकडे धरून वाचलं.

“गरज नाही,” हे म्हणाले. “साधी चालेल.”

बाई खूश होऊन गेली. माझ्या दातांत दोरा होता, म्हणून मला काही बोलता आलं नाही. नसता, तरी बोलले नसते. मी उठले आणि दोघांसाठी चहा टाकला.