दुसरं स्टूल

बाळांनो, समजा तुमच्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर दोन टोमॅटो आहेत. एक साधा, दुसऱ्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ लेप लावलेला. आधी कोणता सुरकुतेल? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. या गोष्टीतल्या घरात घाईने उत्तर द्यायची पद्धत नव्हती.

त्या घरात एक आई होती आणि तिची लेक. आई शास्त्रज्ञ. भाज्या जास्त दिवस ताज्या राहाव्यात म्हणून झाडांच्या सालींपासून तो लेप तिनेच तयार केला होता. लेक सारखी 'का गं, का गं' करायची, म्हणून घरात तिचं नावच 'कागं' पडलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसलं की आई सरळ म्हणायची, "माहीत नाही." आणि मग दोघी एका सुरात, "बघू या." खिडकीशी दोन स्टुलं ओढली जायची. वाट्या, टोमॅटो, फडकी मांडली जायची. आई डागाळलेला जुना पांढरा कोट चढवायची आणि दोघी हनुवटीला हात लावून बसायच्या.

पुढे आईने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि एका भागीदाराबरोबर, भाड्याच्या शेडमध्ये, लेपाचा कारखाना काढला. भागीदार माणूस वाईट नव्हता. पण गिऱ्हाइकासमोर आई 'माहीत नाही' म्हणाली की तो घाईघाईने विषय बदलायचा आणि नंतर तिला बाजूला घ्यायचा.

"ताई, तो शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत जा. डॉक्टरच माहीत नाही म्हणाला तर पेशंट थांबेल का?"

"चांगला डॉक्टर म्हणतो तसं."

"म्हणतो ना. आणि दवाखान्यात माश्या मारत बसतो."

आई हसायची. निदान सुरुवातीला तरी हसायची.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून कागं शेडमध्ये आली होती. भाजीचा एक मोठा व्यापारी येणार होता. आधीचे दोघे आईच्या 'माहीत नाही'वरूनच परत गेले होते. हाही गेला तर शेडला कुलूप लागणार आणि लेप कपाटातल्या बरणीत पडून राहणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. भागीदाराने तिला नवा कोट दिला होता. इस्त्रीचा, खिशावर कंपनीचं नाव असलेला. त्यावर एकही डाग नव्हता.

व्यापाऱ्याने टोमॅटो तळहातावर तोलला, दाबला, नाकाशी नेला.

"माल झकास आहे, मॅडम. कोरड्या हवेत टिकतो, पटलं. पण माझी गोदामं दमट. भिंतींना ओल. तिथे टिकेल?"

ते दोन शब्द आईच्या ओठांपर्यंत आले. भागीदार जमिनीकडे बघत होता. त्याच्यामागे लेपाची भांडी घासणाऱ्या दोन कामकरी बायका हात थांबवून उभ्या होत्या.

"टिकेल," आई म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

व्यापारी खूश झाला. भागीदाराने सगळ्यांना चहा मागवला. आईचा चहा तसाच निवला.

घरी येताना बसमध्ये कागंने विचारलं, "आई, दमट हवेतला प्रयोग तू कधी केलास गं?"

तो प्रयोग दोघी मिळून करणार होत्या. कित्येक महिने तो 'या रविवारी नक्की' वर अडकला होता.

"केलाय मी," आई म्हणाली. "तू झोपलेली असशील."

कागंने पुढे 'का गं' म्हटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. व्यापाऱ्याला थाप मारली होती, त्याचं ओझं होतंच. पण आईला वाटलं, आता आपल्या हातून काहीतरी सांडलं, आणि ते पुन्हा भरता येणार नाही.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात आली, तेव्हा कागं खिडकीशी बसली होती. अंगात आईचा जुना कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. समोर दोन टोमॅटो, एक साधा, एक लेपाचा. दोन्हींवर ओलं फडकं टाकून तिने वर काचेचं भांडं पालथं घातलं होतं. तिच्या बाजूला दुसरं, आईचं स्टूल रिकामं होतं.

आई दारातच थबकली.

"काय वाटतं तुला? टिकेल?"

"माहीत नाही," कागं मागे न बघता म्हणाली.

पुढचं 'बघू या' म्हणायला आईने ओठ उघडले. कागं मात्र काचेचं भांडं सारखं करण्यात गुंतली होती. एकटीने म्हणायची आईला सवय नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. भागीदाराचा होता, व्यापाऱ्याला माल लवकर हवा होता.

"आलेच हं मी," असं म्हणून आई बाहेरच्या खोलीत गेली.

कागंने थोडा वेळ वाट पाहिली. तिकडून आईचा आवाज येत होता, "हो, हो, नक्की." मग तिने दुसरं स्टूल जवळ ओढलं आणि फडकं वाळलं तर हाताशी असावी म्हणून पाण्याची वाटी त्यावर ठेवली.